हुकमावर थांबणारा पंखा

माळावर त्या दिवशी पाय ठेवाले जागा नव्हती. मेहकरचे लोक आले, लोणारचे आले, एक जण तं नांदुऱ्याहून कापसाची गाडी तशीच सोडून आला होता. सगळ्यायच्या माना वर. वर काय, तं पुंजाजीच्या वावरातला पवनपंखा. वाऱ्यावर फिरते, बॅटरी भरते, वावरातल्या घरात दिवे लावते. पाहण्यासारखं एवढंच, का तो बाबाचं ऐके.

"हवा म्हंजे प्राण!" वायुनाथ बाबानं दगडावर चिमटा आपटला. "प्राण म्हंजे आत्मा! आत्मा शरीर सोडते, वाऱ्यात जाते. अन् वारा जाते कुठी?"

"पंख्यात!" लोक ओरडले.

वारा पंख्यातून पुढं निघून जाते, हे आपल्या बकरीलेही समजते. पण बकरीले कोण विचारते!

"दीपक, बापू, तुही माय आली. असशीन तं थांब!"

चिमटा दोनदा वाजला. अन् भर वाऱ्यात, बाभळी वाकून राह्यल्या असताना, पंखा मंदावला. पार थांबल्यासारखाच झाला. शालूबाई मातीत बसली अन् हात जोडून म्हणाली, "आला रे माह्या राजा."

दीपक तिचा अन् पुंजाजीचा एकुलता एक. हा पंखा त्यानंच आणला होता. तो अन् त्याची बायको रेणुका, दोघंही एका संस्थेत जाऊन पवनपंखे बसवाचं शिकून आले होते. गावानं टिंगल केली, "हवा विकाचा धंदा करते म्हणे!" तो खांब, दोर, ताणाच्या तारा शिकला, ती वायरिंग शिकली. जेवताना दोघायचं भांडण चाले, का खांब मोठा का वायर मोठी.

पहिला पंखा घरच्या वावरात. असा खांब जमिनीवर आडवा ठेवून, ट्रॅक्टरनं दोर ओढून हळूहळू उभा करतात. अर्धा उभा झाला अन् ताणाच्या तारेचा एक खुंटा ओल्या मातीतून उपटला, खांब कोसळला. दीपक खांबाखाली होता. जागीच गेला. तो खाली काऊन गेला होता, हे रेणुकेले माहीत होतं. तिनं ते कोणाले सांगतलं नव्हतं.

"लेकाचं काम अर्धं राहू नये," म्हणून शालूबाईनं हट्ट धरला. संस्थेच्या पोरायनं येऊन पंखा उभा केला. अन् दुःखाच्या वासावर बाबा आला. बॅटरीच्या खोलीले त्यानं गाभारा करून टाकलं. विधवेची सावली नको म्हणे. आत फक्त चेला हरिओम जपाले बसे. हा हरिओम आधी मेहकरले जळलेल्या पाण्याच्या मोटारीत नवी तार भरून द्याच्या दुकानात कामाले होता, पण भगवं घातलं का मागचं कोण पाहते!

बाबाच्या खेळाच्या पहिल्या दिवशी रेणुकेचाही जीव हालला होता. गर्दीच्या मागून, तोंडातल्या तोंडात, तिनं दीपकले विचारलं, 'जेवले का तुम्ही?' अन् नेमका तवाच पंखा मंदावला. घरी जाऊन तिनं दोन ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं नजर लावून पाहिलं. पंखा थांबत नव्हता, रांगत होता. गळ्यात लोढणं बांधलेला बैल चालते तसा. ही चाल तिच्या ओळखीची होती. खांब खाली घ्याच्या आधी पंख्याच्या तीन तारा एकमेकीले जोडा, का पंखा आपोआप जखडते, हे तं त्यायले सुरुवातीलेच शिकवलं होतं. त्या तारा जोडाचा खटका खोलीत होता. अन् खोलीत, चिमट्याच्या आवाजाकडं कान लावून, हरिओम होता.

पण हे बोलाचं, म्हंजे सासूच्या हातून लेक दुसऱ्यांदा हिसकून घ्याचा. म्हणून ती गप राह्यली.

त्या गर्दीच्या दिवशी बाबानं पुढचा डाव टाकला. "दीपक, तुले कोनं खाल्लं? परक्यानं?" पंखा फिरतच होता. "घरच्यानं?" चिमटा दोनदा वाजला. पंखा मंदावला. थोडा फिरू दिला, अन् मंग, "बायकोनं?"

चिमटा. पंखा रांगाले लागला.

"पांढऱ्या पायाची!" गर्दीतून आवाज आला.

"अमावस्येआधी हिले गावाबाहेर काढा," बाबा म्हणाला. "पंखा अन् खोली आश्रमाच्या नावानं करा."

शालूबाई उठली. "निघ वो. माह्या लेकानंच सांगतलं."

"आत्याबाई, त्यायनं नाही सांगतलं."

"मंग कोनं? वाऱ्यानं?" एक जण खिदळला.

"हरिओमनं," रेणुका म्हणाली अन् पेचकस घेऊन खांबाच्या बुडाशी बसली. तिथं तारायची डबी होती.

"शिवू नको! भस्म होशीन!"

"झाली तं तुमचंच काम सोपं होईन, बाबा."

बाबा पुढं सरकला, तं मधात पुंजाजी येऊन उभा राह्यला. लेक गेल्यापासून हा मानूस बोललाच नव्हता. "सुनेले हात लावला तं तो चिमटा कुठी कुठी वाजते, ते दाखवतो तुले."

रेणुकेनं खोलीत जाणाऱ्या तिन्ही तारा सोडल्या. "आता विचारा."

"दीपक, थांब!" चिमटा दोनदा. पंखा गरगरा फिरते. पुन्हा चिमटा. पंखा जास्तच जोरात. बाबानं चिमटा वाकेपर्यंत आपटला, तवा गाभाऱ्यातून आवाज आला, "महाराज, खटका दाबेलच हाय जी! मी काय करू?"

माळ खदखदा हसला. रेणुकेनं पंख्याकडून येणाऱ्या तारायची टोकं जोडली. ठिणगी उडाली, पंखा मंदावला. सोडली, फिरला.

"पंखा फिरला का वीज होते," ती म्हणाली. "तारा जोडल्या का तीच वीज पंख्याले अडवते. यात ना भूत, ना देव."

लोक बाबाकडं वळले. चपला तिथंच टाकून बाबा काट्याकुट्यातून पळाला, मागं हरिओम.

शालूबाई हसली नव्हती. ती वरच पाहत होती.

"दीपक, थांब ना रे," ती म्हणाली. "बाबा नाही, मी म्हनते. एकदा थांब."

पंखा फिरत राह्यला.

"माय म्हनते रे बापू..."

तारायची टोकं रेणुकेच्या हातात होती. नुसती टेकवली असती, तं म्हातारीले लेक भेटला असता. बोटं जवळ गेली. तिनं ती टोकं अलग धरली, अन् डोळ्यातलं पाणी पुसाले हात मोकळा नव्हता.

"तं तो नाहीच इथं," शालूबाई म्हणाली.

"नाही, आत्याबाई."

म्हातारी खाली बसली. "मुहूर्त टळून चालला होता. खांब उभा होते तवरक बुडाशी जाऊन नारळ फोडून घे, असं मीच म्हटलं. खांब उठून राह्यला का खाली कोनी जायचं नसते, म्हने तो. म्या माही शपथ घातली." तिनं सुनेकडं पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाही?"

रेणुका सासूच्या शेजारी बसली. हसणारे लोक खाली पाहाले लागले.

लोकहो, बाबा चोर होता, हे आता कोणीही सांगन. पण त्याले दार आपणच उघडतो, कारण खरं दुःख उशाशी घेऊन झोपवत नाही. दुःख आलं तं घरच्या माणसाच्या गळ्यात पडून रडा. मेलेल्याले प्रश्न विचारण्यापेक्षा जित्या माणसाचं ऐका, विशेषतः तो काम शिकलेला असला अन् 'नको' म्हणत असला तं. अन् खांब उभा होत असन, तं नारळ मागून फोडा. देव थांबून घेते. खांब थांबत नाही.