पाटीवरची मालकीण

पोल्ट्रीत कोंबडीच्या पिल्लांची गाडी यायची असली की सासू आपल्या विधवा सुनेला मागच्या खाद्याच्या खोलीत बसवायची. नवरा गेलेल्या बाईची नजर पडली तर पिल्लं टिकत नाहीत, हे या घरात पक्कं ठरलेलं होतं. पिल्लं शेडमध्ये गेली की मात्र तिला हाक यायची. तूस पसरणं, पाणी भरणं, मेलेले पक्षी वेचणं, सगळं तिचंच. राबताना तिच्या नजरेचं भय कुणालाच वाटत नसे.

पक्ष्यांना लस टोचायला येणाऱ्या माणसाची बायको वारली होती. त्याने सुनेला मागणी घातली, तेव्हा सासऱ्याने आढेवेढे घेतले नाहीत. परदेशातून आलेल्या गोठवलेल्या तंगड्या इतक्या स्वस्त झाल्या होत्या की त्याच्या कोंबड्यांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. अर्धी शेड रिकामी होती. खाणारं एक तोंड कमी होईल, एवढाच त्याने विचार केला. पुढच्या महिन्यातली तारीखही ठरली. चार वर्षांनी ती पहिल्यांदाच काम करताना गुणगुणायला लागली.

आणि नेमका तेव्हाच सरकारला पोल्ट्रीवाल्यांचा कळवळा आला. इथल्या शेडी जगाव्यात म्हणून तीन वर्षं पिल्लं आणि खाद्य फुकट मिळणार होतं. शेड विधवेच्या नावावर असेल तर सगळ्यांत आधी. फक्त तिने पुन्हा लग्न केलेलं नसावं. ही अट लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. सासऱ्याने त्या योजनेचा कागद दोनदा वाचला आणि त्या दिवशी सुनेच्या ताटात पहिल्यांदा तंगडी पडली.

शेड सुनेच्या नावावर करून अर्ज गेला. लग्न तीन वर्षं पुढे ढकलू, असं सासूने जाता जाता सांगितलं. शेड तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबांसमोरच बोलायचं, हे सुनेने मनाशी पक्कं केलं.

तपासणीच्या दिवशी तिला नवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलं. लसवाला बर्फाचा डबा घेऊन बाजूला उभा होता. पुन्हा लग्न करायचा विचार आहे का, असं साहेबाने विचारलं.

"माझं लग्न ठरलंय साहेब, यांच्याशी," ती लसवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली. "शेड मला नको. माझं नाव खोडा."

सासऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. लसवाल्याने डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. तीन वर्षांचं लसीचं सगळं काम सासऱ्याने आदल्या दिवशीच त्याला देऊन टाकलं होतं.

"मी फक्त लस टोचायला येतो, साहेब," तो म्हणाला. "बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

मुलगा गेल्यापासून ती असंच काहीबाही बोलते, असं सासूने सांभाळून घेतलं. साहेबाला पुढची शेड गाठायची होती. त्याने सहीची जागा दाखवली. लसवाल्याच्या घराचं दार आत्ताच बंद झालं होतं, सही केली नाही तर या घराचंही बंद होणार होतं. तिने सही केली.

आठवड्याभरात सरकारी पिल्लं आली. फाटकावरच्या नव्या पाटीवर मालकीण म्हणून तिचं नाव होतं. ड्रायव्हरने मालकिणीला बोलवायला सांगितलं.

"ती समोर येत नाही," सासू म्हणाली. "पिल्लांना सोसत नाही."

शेड वाचली. भरलेल्या शेडचा फोटो पेपरात छापून आला. सासरा पाटीला हात लावून हसतोय आणि मागे खाद्याच्या खोलीचं दार दिसतंय, त्याला बाहेरून कडी आहे. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, बरं वाटलं, आणि पान उलटलं.