अव्वाची पूजा

बहात्तर सालच्या दुष्काळात आमच्या गावात सगळ्यांच्या हातात हातोडा आला. ज्याला वीस एकर रान त्याच्याबी, आन् ज्याला वीतभर न्हाय त्याच्याबी. तामलवाडीकडं जायच्या रस्त्याचं काम निघालं होतं. उन्हात बसायचं, पुढ्यात काळा दगड घ्यायचा आन् फोडायचा. दुपारपर्यंत डोळ्यापुढं काळं-पांढरं व्हायचं. विहिरी तळाला गेल्या होत्या, बैल चारा छावणीत होते. माझ्या सासरच्यांनी मला "पाऊस पडला की ये" म्हणून माहेरी धाडलं होतं. पाऊस काय पडला न्हाय. म्या रोज अव्वासंगं खडी फोडत होते.

अव्वा म्हणजे माझ्या बापाची आई, लक्ष्मीबाई. आमी लिंगायत. अव्वाच्या गळ्यात लिंग होतं, बोराएवढं, काळं कुळकुळीत. ती जन्मली तवा स्वामीनं बांधलेलं. रोज सकाळी आंघोळ करून ती ते डाव्या तळहातावर घ्यायची, पाणी घालायची, भस्म लावायची, आन् मग नुसती बघत बसायची. चूल पेटो न पेटो, लेकरू रडो, अव्वा उठायची न्हाय. लिंगावरून वाटीत गळलेलं पाणी पहिल्यांदा प्यायची, मग तोंडात घास. पूजेबिगर तिनं पाण्याचा घोट घेतलेला म्या कवा बघितला न्हाय. माझा आज्जा गेला त्या सकाळीबी तिनं आधी पूजा केली, मग हंबरडा फोडला.

लिंग चांदीच्या डबीत होतं. माझ्या बापानं, गुरुलिंगनं, ती डबी, बैल छावणीत जायच्या आधी, त्यांच्या कडब्यापायी सोलापुरात मोडली. लिंग अव्वानं फडक्यात बांधून गळ्यात घातलं.

घामानं ते फडकं कुजलं. एक दिवस उन्हं कलताना अव्वानं छातीला हात लावला आन् हातोडा खाली ठेवला.

"हरणे," ती म्हणली, "माझं लिंग न्हाय गं."

पहिल्यांदा मला कळलंच न्हाय. मग म्या समोर बघितलं. काळ्या खडीचे ढिगावर ढीग. त्यात बोराएवढा काळा दगड.

आमी दोघी हातानं खडी चाळाय लागलो. शेजारच्या ढिगावर भिमाबाई होती, बौद्धवाड्यातली. ती म्हणली, "काय सांडलं, अव्वा?"

"देव सांडला," अव्वा म्हणली.

भिमाबाई उठली. तिनं आधी आपलाच ढीग उकरला. बाकीच्या बायाबी आल्या. मुकादम बिभीषण वरडत आला, "अय, ढीग मोडू नका! माप कसं घ्यायचं म्या? परवा रोलर यायचाय!"

"अरं बाबा, म्हातारीचा देव हाय," भिमाबाई म्हणली.

"मग देवानं सांगावं, कुठं हाय त्ये!" बिभीषण बोलून गेला. थोड्या टायमानं तोबी वाकून बघाय लागला.

अंधार पडला. न्हाय गावलं.

अव्वानं पाणी सोडलं. लिंग गेलं तर जीव ठेवू न्हाय, असं आमच्यात जुनी माणसं म्हणायची. सकाळी ती घरी थांबली न्हाय, रस्त्यावर आली. उन्हात बसून एकेक खडा उचलायची, बघायची, बाजूला ठेवायची. व्हट फुटले. जीभ जड झाली. माझा बाप तिच्या पायाशी बसला.

"अव्वा, डबी म्या मोडली. पाप माझं हाय. तू पानी पी."

"पाप कुनाचं का असंना," अव्वा म्हणली. "लिंग न्हाय ना?"

बापानं विरुपाक्ष स्वामीला बोलावून आणलं. आमच्या घराचे गुरू ते. तवा तरणे होते, दाढी काळी होती. छत्री मिटून ते अव्वासमोर उकिडवे बसले.

"लक्ष्मीबाई, आडलेल्याला वाट असती. म्या दुसरं लिंग बांधतो. उद्याच बांधतो."

"स्वामी, माझा दादला मेला तवा म्या दुसरा केला न्हाय," अव्वा म्हणली. "आता ह्या वयात करू व्हय?"

स्वामी उठले, छत्री उघडली आन् गेले.

तिसऱ्या दिवशी रोलर आला. धूर सोडत, धडधड करत. पसरलेली खडी दाबत गेला. अव्वा कडंला बसून बघत होती. तिच्या तोंडावर काय न्हवतं, राग न्हाय, दुःख न्हाय. आमचं सगळ्यांचंच त्या साली तसं झालं होतं. जनावर मेलं तरी माणसं नुसती बघायची आन् कामाला जायची.

भिमाबाई तिच्याशेजारी येऊन बसली. मडक्यात पाणी होतं तिच्या.

"अव्वा, एक सांगू?"

"सांग."

"छप्पन साली आमी देव सोडले. माझ्या सासूनं मरीआईचा सगळा देव्हारा पाटीत घातला. आमी नदीला गेलो. माझ्या पोटात थोरला पोरगा व्हता. सासूनं एकेक देव पान्यात सोडला. मला वाटलं, आता वाचत न्हाय. पोरगं जातंय, न्हायतर म्या जाते."

"मग?"

"मग काय? सकाळी उठले. जातं तिथंच व्हतं. दळाय बसले." भिमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "आता सांजच्याला बुद्धवंदना म्हनतो आमी. काय मागायसाठी न्हाय. मन जरा धुतल्यावानी व्हतं. माझ्या सासूचे तर पाटीभर गेले, अव्वा. सोळा वर्सं झाली, ती जगतीया आजून. भांडतीबी लई."

अव्वाच्या फुटल्या व्हटांवर काय तरी हाललं.

"तुमी सोडले," ती म्हणली. "माझं गेलं. येक न्हाय त्ये."

"न्हाय येक," भिमाबाई म्हणली. "पर तहान तर येकच हाय ना?"

रोलर वळून परत आला. भिमाबाईनं मडकं पुढं केलं, मग हात आखडला.

"माझ्या हातचं चालंल का? का तरी बाटायचं? देव तर न्हायच आता, बाटायचं काय ऱ्हायलं?"

आमच्या घरानं तोवर भिमाबाईच्या हातचं पाणी कधी घेतलं न्हवतं. ती आमच्या उंबऱ्याच्या आत आली न्हवती. अव्वानं तिच्याकडं बघितलं. मग डावा तळहात पुढं केला, पूजेला करायची तसा.

"घाल," ती म्हणली.

भिमाबाईनं पाणी घातलं. अव्वा तळहाताकडं बघत बसली. पाणी बोटांतून गळत होतं, खालची धूळ भिजत होती. मग तिनं तो हात तोंडाला लावला.

त्या दिवसापासून अव्वा तशीच पूजा करायची. आंघोळ, पाट, तांब्या, भस्म सगळं जिथल्या तिथं. रिकाम्या डाव्या तळहातावर पाणी घालायची, भस्माची तीन बोटं ओढायची, आन् बघत बसायची. वाटीतलं पाणी प्यायची.

गावाला हे पटलं न्हाय. लिंग न्हाय ती बाई आपल्यात कशी? भावकीतल्या माणिकप्पाच्या घरी लग्न होतं, तिथं तिला पंगतीत बसवलं न्हाय. अंगणात ताट वाढलं. अव्वा अंगणात जेवली, ताट धुऊन पालथं घातलं, घरी आली. माझी आई, अयोध्या, रडाय लागली, तर अव्वा म्हणली, "भात मोकळा झाल्ता बरं का." भिमाबाईच्या घरचा चहा अव्वा पिऊन यायची. आमच्या दारात मात्र भिमाबाईच्या ओंजळीत वरनंच पाणी पडायचं. अव्वा आईला बोलायची, आई ऐकायची न्हाय.

एकदा म्या सासरहून आले होते. सकाळी तिच्यापुढं जाऊन बसले. पूजा झाल्यावर इच्यारलं,

"अव्वा, हातात काय दिसतंय तुला?"

"काय न्हाय दिसत."

"मग बसती कशाला?"

"लिंग व्हतं तवा तरी काय दिसत व्हतं?" ती म्हणली. "रोज वाटतं, आज दिसंल. न्हाय दिसत. मग उद्या बसावं लागतं."

एवढंच. पुढं तिनं जात्याखाली सांडलेलं पीठ गोळा केलं.

दहाएक वर्षांनी अव्वा गेली. मधी पाऊस आला होता, परत दुष्काळबी आला होता. सहकारी कारखाना निघाला होता, गावात ऊस आला होता. म्या पोचले तवा तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. आमच्यात बसवूनच पुरतात. खड्डा खणताना खाली मुरूम लागला, पहार उडत होती. भिमाबाईचा नवरा श्रीपती आन् त्याची पोरं कुदळी घेऊन आली. भावकीतले बघत उभे ऱ्हायले. कुणी नको म्हणलं न्हाय, उन्ह लई होतं.

विरुपाक्ष स्वामी आले. दाढी पांढरी झाली होती. मेलेल्याच्या डाव्या हातात लिंग ठेवतात, मग स्वामी डोक्याला पाय लावतो, मग माती. त्याबिगर मुक्ती न्हाय म्हणतात. स्वामींनी झोळीतून नवं लिंग काढलं.

माणिकप्पा म्हणला, "ठेवा स्वामी. निदान आता तरी रीतीत जाऊ द्या."

माझा बाप खड्ड्यात उतरला होता, तिला धरून. तो वर बघून म्हणला, "स्वामी, जित्तेपनी तिनं न्हाय म्हनलं व्हतं. आता तिला बोलता येत न्हाय म्हनून ठेवायचं व्हय?"

स्वामी खड्ड्यात वाकले. अव्वाचा डावा हात मांडीवर उताना होता. भस्म आन् पाणी लावून लावून तळव्याची कातडी पांढरट पडली होती. स्वामींनी तिकडं जरा येळ बघितलं. मग लिंग झोळीत घातलं.

"पानी आना," ते म्हणले.

त्यांनी तिच्या रिकाम्या तळहातावर पाणी घातलं, भस्म ओढलं, बेलाचं पान ठेवलं. मंत्र म्हणले. मग खाली उतरून तिच्या डोक्याला पाय लावला. माणिकप्पा मान फिरवून निघून गेला. बापानं पहिली माती टाकली, मग म्या.

मला रडू आलं न्हाय. येईल, येईल म्हणून म्या वाट बघत होते. भिमाबाई लिंबाखाली उभी होती, तिलाबी आलं न्हाय. परत येताना कारखान्याच्या उसाच्या गाड्या तामलवाडीच्या त्याच रस्त्यानं चालल्या होत्या, एकामागं एक. आमी कडंला थांबलो. गाड्या गेल्या, धूळ बसली, मग रस्ता वलांडून आमी घरी आलो आन् आंघोळी केल्या.