पडद्याकडे पाठ

पूर्वी आमच्या बिश्केकमध्ये मेजवानी असली की लोकांना नाचायला उठवण्यासाठी एक बडबड्या सूत्रधार बोलवावा लागे. तो माइक घेऊन टेबलाटेबलाशी जायचा, बायकांचे हात धरून ओढायचा, आणि बायका ‘नको हो, गुडघा दुखतो’ म्हणत खुर्चीला चिकटून बसायच्या. आता त्या सूत्रधाराला कुणी विचारत नाही. टीव्हीला एक डबी जोडायची, हातात रिमोट धरायचा, आणि पडद्यावर जी चकचकीत मुलगी नाचते तिच्यासारखं नाचायचं. जमलं की ‘अप्रतिम!’ अशी रशियन अक्षरं फुटतात आणि तारे मिळतात. एवढ्यासाठी निवृत्त मुख्याध्यापिका, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि करखात्यातली एके काळची वाघीण मोजे सावरत रांगेत उभ्या राहतात. गुडघ्याचं कुणी नावसुद्धा काढत नाही.

याचं कारण मला ठाऊक आहे. आमच्याकडे शाळेतल्या प्रवेशापासून कबरस्तानातल्या जागेपर्यंत सगळं ओळखीवर चालतं. या यंत्राला ओळख कळत नाही. तू कुणाची सून, कुणाचा मेव्हणा, असं ते विचारत नाही. हात बरोबर हलला की तारा देतं. एवढा न्याय लोकांना जन्मात कुठे मिळाला नव्हता, म्हणून घाम गाळून घ्यायला येतात. आणि आल्यावर काय करतात, तर तिथेही लबाडी करतात.

माझ्या सासूचंच घ्या. दामिरा तिचं नाव, आम्ही तिला आपा म्हणतो. ती दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर होती आणि अजूनही तिच्या एका फोनवर खाट मिळते. त्यामुळे तिच्या सगळ्या मैत्रिणी तिच्याकडून नेमाने हरतात. मुख्याध्यापिकाबाई ऐन गाण्यात चपलेत पाय अडकवून घेतात, डॉक्टरीणबाईंना त्याच क्षणी खोकला येतो. आपा मात्र छाती फुगवून सांगते, “माणसं तोंडदेखलं बोलतात. हे यंत्र कुणाच्या बापाला भीत नाही. त्याने मला पाच तारे दिले म्हणजे दिले.” मग सगळ्या मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, आणि ती भराभर चढते. गुडघ्याला पट्टा बांधून चढते.

मी तिची थोरली केलिन, म्हणजे सून. माझं हरणं वेगळं होतं. केलिनने वडीलधाऱ्यांना पाठ दाखवायची नाही, हे आमच्यात आईच्या दुधाबरोबर शिकवतात. चहा देऊन निघायचं तेही मागे मागे सरकत. आता आमच्या दिवाणखान्यात तोरावर, म्हणजे दारासमोरच्या मानाच्या जागेवर, वडीलधारे बसतात आणि त्यांना दिसावा म्हणून टीव्ही दाराशेजारच्या भिंतीवर टांगलेला. टीव्हीकडे तोंड केलं की तोराकडे पाठ झालीच. म्हणून मी पडद्याकडे पाठ करून नाचायची. त्या रिमोटला हात कुठे हलतो ते कळतं, तोंड कुठे आहे ते कळत नाही. पण पडद्यावरची मुलगी काय करतेय ते मला कसं कळणार? मी शेजारी नाचणाऱ्या आपाकडे बघून हात हलवायची. आपा मुलीच्या मागे, मी आपाच्या मागे. मी हरायची आणि तोरावरचे लोक टाळ्या वाजवून म्हणायचे, “किती संस्कारी केलिन!”

गेल्या वसंतात धाकट्या दिराचं, एर्निस्तचं, लग्न झालं आणि आयझिरेक घरात आली. पहिल्याच मेजवानीत तिने मला चहाच्या समोवाराआड गाठलं. मला ती एजे, म्हणजे ताई, म्हणते. “एजे, पडद्याकडे पाठ करून नाचायचं कसं?”

“मी नाचते तसं.”

“पण मग हरणारच ना!”

“अगं, मग जिंकायला बोलावलंय का आपल्याला?”

ती एवढी हसली की तळलेल्या बोरसोकांची परात हातातून सुटता सुटता वाचली. मी हसले नाही. ती घरात आल्यापासून माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे लागलं होतं. आमच्यात धाकटा मुलगा आईबापांजवळ राहतो आणि थोरल्याला वेगळं घर करून देतात. त्याला एन्ची म्हणतात. सासरे जाण्याआधी शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्यासाठी तीन खोल्या बांधून गेले होते. खिडक्यासुद्धा बसवून गेले होते. किल्ली आपाच्या कपाटात. ‘धाकटी आली की तुम्ही जा,’ असं ठरलेलं होतं. धाकटी आली, स्थिरावली, माझ्याहून बरा पुलाव करायला लागली. किल्ली कपाटातच.

मी माझ्या नवऱ्याला, कुबातला, विचारलं की तो डोळे मिटून मान हलवायचा. “आपा अजून तयार नाही गं. विषय काढला की तिचं ब्लडप्रेशर चढतं. तिला काही झालं तर तुला चालेल का?”

मी परत पातेली घासायला जायची. दहा वर्षं त्या घरात पातेली घासली, दोन पोरं वाढवली, येईल त्या पाहुण्याला चहा ओतला, आणि एकदाही कुणी ‘छान झालाय’ म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, ती डबी मला त्यासाठीच आवडायला लागली. दुपारी घर रिकामं असलं की मी दार लावून घ्यायची आणि पडद्याकडे सरळ तोंड करून नाचायची. पहिल्यांदा ‘अप्रतिम!’ आलं तेव्हा मी रिमोट हातात धरून रडले. माणसांनी दहा वर्षांत जे म्हटलं नाही ते त्या ठोकळ्याने एका गाण्यात म्हटलं. पुढे मी प्रत्येक गाणं पाठ केलं, आणि मग पडद्याकडे पाठ करूनही नाचून बघितलं, कारण सवय तीच होती. तरी आपासमोर हरतच राहिले. सासूला हरवून जाणार कुठे होते? किल्ली तिच्याकडे होती.

आपाला साठ वर्षं झाली त्याची मेजवानी दुपारी घरीच होती. नारिनच्या डोंगरातून सासऱ्यांचे चुलते, मुकाश आजोबा, आले होते. नव्वदीचे, डोक्यावर पांढरी उंच टोपी, डोळे ससाण्याचे. ते कधी खाली शहरात उतरत नाहीत, त्यामुळे त्यांना तोराच्या मधोमध बसवलं, मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे ठेवलं, आणि पुढे नाच व्हायचाय हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मांस-शेवयांचा बेशबरमाक झाला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या, आणि आपाने माइक हातात घेतला.

“आज माझा दिवस आहे,” ती म्हणाली. “जो कुणी मला नाचात हरवेल त्याने मागावं ते मी देईन. सगळ्यांच्या देखत सांगते. नाही म्हणणार नाही!”

टाळ्या पडल्या. जेवणाच्या चादरीभोवती पाहुण्यांसमोर दिलेला शब्द आमच्यात परत घेता येत नाही. पण आपाला कसली भीती? मुख्याध्यापिकाबाई पहिल्या कडव्यातच चपलेत अडकल्या. डॉक्टरीणबाईंना खोकला आला. करखात्याच्या वाघिणीने तर आपण होऊन रिमोट सोफ्याखाली पाडला. तिघींना लोळवल्यावर आपा घामाने निथळत, गालफडं लाल करून उभी राहिली आणि शेवटचा हातचा विजय म्हणून तिने मला हाक मारली. “ये गं बुरुल! घरच्या केलिनलाही एक संधी देऊ.”

मी ओढणीला हात पुसले, रिमोट घेतला आणि नेहमीसारखी तोराकडे तोंड करून उभी राहिले. आपा पडद्याकडे तोंड करून. गाणं सुरू झालं. आपाने कंबर हलवली, आणि तोरावरून गर्जना आली.

“ए केलिन! साठीला लाजही विकून खाल्लीस काय? पाठ कुणाला दाखवतेस?”

मी चपापले. मग लक्षात आलं की मी तर तोंड दाखवून उभी आहे. मुकाश आजोबा आपाला ओरडत होते. आपा त्यांची केलिन. साठीची झाली, दवाखाना चालवला, तरी चुलतसासऱ्यांपुढे ती केलिनच.

आपा जिथल्या तिथे वळली, एक हात अजून हवेत. “काका, हा खेळ आहे. पडद्याकडे बघितल्याशिवाय खेळताच येत नाही.”

“ती पोरगी नाही का खेळत तोंड इकडे करून?” आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “का तिला वेगळे डोळे आहेत? नसेल जमत तर तो टीव्ही तोरावर आणा आणि मला दाराशी बसवा!”

म्हाताऱ्याला दाराशी बसवणारं घर किरगिझांत आजवर झालेलं नाही. एर्निस्तने मुकाट्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि आम्ही सासू-सून दोघी पडद्याकडे पाठ करून, पाहुण्यांकडे तोंड करून शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

पहिल्या ओळीलाच आपा बावचळली. समोर चकचकीत मुलगी नाही; समोर चहाच्या वाट्या आणि चाळीसेक चेहरे. तिने बाजूला माझ्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं मी तिच्याकडे बघायची, अगदी तसंच. तिची मला कीव आली, खरंच आली. मी थोडी मागे रेंगाळले असते तर ती सावरली असती आणि सगळं पूर्वीसारखं राहिलं असतं. पण डोळ्यांपुढे त्या बंद घराच्या खिडक्या आल्या आणि माझा हात रेंगाळेना. मी उजवीकडे, आपा अर्ध्या तालाने उजवीकडे. मी गिरकी घेतली तेव्हा आपा अजून टाळीच वाजवत होती. पडदा मला दिसत नव्हता. मी तो पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर वाचत होते. डॉक्टरीणबाईंचं तोंड इतकं उघडलं होतं की दोन्ही सोन्याच्या दाढा दिसत होत्या. खोकला कुणालाच येत नव्हता. गाणं संपलं तेव्हा दाराकडून आयझिरेकची किंकाळी आली, “एजे! पाचही तारे!”

बाकी कुणीही टाळी वाजवली नाही. आपा धापा टाकत होती. तिने मागे वळून पडद्याकडे एकदा बघितलं, पट्टा वर ओढला आणि म्हणाली, “माग. शब्द दिलाय. नवा समोवार हवा? कोट हवा?”

“एन्ची हवी, आपा. आमच्या घराची किल्ली.”

मला वाटलं आता ब्लडप्रेशर चढणार. मी हात धरायला पुढेसुद्धा झाले. आपा माझ्याकडे खुळ्यासारखी बघत राहिली.

“माझी थट्टा करतेस?”

“नाही, आपा.”

“अगं, पण कुबात म्हणाला, तुला जायचंच नाही. मी एर्निस्तचं लग्न झाल्या झाल्या त्याच्यापुढे किल्ली धरली होती. तो म्हणाला, बुरुल रडते, आपाला सोडून कशी जाऊ म्हणते. मी शेजारणींना सांगत फिरले, अशी केलिन शोधून सापडायची नाही म्हणून!”

“मला म्हणाला, तुमचं ब्लडप्रेशर चढतं.”

“माझं ब्लडप्रेशर?” आपा ओरडली. “माझं ब्लडप्रेशर या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा बरं आहे!”

मग सगळे कुबातकडे वळले. तो हाडावरचं मांस सोलत बसला होता. हाड त्याने हळूच ताटात ठेवलं आणि बोटं पुसली.

“मला दोघींनाही दुखवायचं नव्हतं,” तो म्हणाला. मग त्याला वाटलं आणखी थोडं सांगावं. “आणि तिथे आहे काय? चूल पेटवा, पाणी भरा. इथे सगळं हातात मिळतं. चालू होतं ते बरं चालू होतं की!”

कुणाचं बरं चालू होतं ते त्याने सांगितलं नाही. गरज नव्हती. इतके महिने मी सासूच्या नावाने कढत होते, आणि केसाने गळा कापणारा रोज रात्री माझ्याच शेजारी घोरत होता. मला रडू आलं नाही. मला त्या ताटातलं हाड उचलून त्याच्या टाळक्यात घालावंसं वाटलं.

आपा आत गेली. कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. ती किल्ली घेऊन आली आणि कुबातसमोरून, त्याने पुढे केलेल्या हातासमोरून, सरळ चालत माझ्यापाशी आली.

“एन्ची मुलाला देतात,” ती त्याला म्हणाली. “पण हरले मी हिच्याकडून, तुझ्याकडून नाही.”

तिने किल्ली माझ्या मुठीत दाबली. हरल्याचा राग अजून तिच्या नाकपुड्यांत होता, पण माझी मूठ तिने घट्ट मिटली. मी मान खाली घालून नमस्कार केला. त्या घरात पहिल्यांदा मनापासून केला.

“घर द्यायचं तर आशीर्वाद हवा,” मुकाश आजोबा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात छातीपुढे उघडले. तोरापासून दारापर्यंत सगळ्यांनी तळहात उघडले. कुबातनेही उघडले, तेलकट होते तसेच. आजोबांनी ससाण्याचे डोळे माझ्यावर रोखले. “बोल, केलिन. त्या घरात किती जण राहणार? किती जणांसाठी मागू?”

आयझिरेक माझ्या दोन्ही पोरांना दाराशी धरून उभी होती. कुबात भुवया उंचावून मला खुणावत होता, दोन्ही हात उघडे असल्यामुळे त्याला तेवढंच करता येत होतं.

“तिघांसाठी, आजोबा,” मी म्हणाले.