आरशातला हात

चातुर्मासात मी दरवर्षी काहीतरी नेम धरते. कधी मौनानं जेवणं, कधी पिंपळाला पाणी. यंदा आषाढी एकादशीला अंबादेवीसमोर हातात पाणी घेतलं आणि म्हटलं, आई, कार्तिकीपर्यंत सात वाजताच्या मालिकेत माझी चंदा दिसल्याशिवाय रात्रीचं अन्न घेणार नाही.

चंदा नटी नाही. नट्यांचे केस बांधते. राजापेठेतल्या पार्लरात शिकली आणि दोन वर्षांपूर्वी मुंबईला गेली. जाताना तिचे बाबा म्हणाले, "लोकायचे केस विंचराले चालली, तं या घरात फोन करू नको." तिनं खरंच केला नाही. नंबरही बदलला. बापाचीच पोर. कुणी विचारलं तर हे सांगतात, पोरगी अकोल्याला मावशीकडे आहे.

कोणती मालिका ते मंजुषानं पार्लरवालीकडून काढलं. मंजुषा चंदाची मैत्रीण, आमच्या वरच्या मजल्यावर ट्यूशन घेते. मालिकेतल्या सासूच्या खोलीत आरशाचं कपाट आहे. एकदा सासू त्याच्यासमोर रडत होती आणि आरशाच्या कडेला कंगवा धरलेला एक हात चटकन मागे गेला. मनगटावर चटक्याचा डाग, अर्ध्या बांगडीएवढा. सातवीत असताना चंदाला तवा लागला होता.

मालिका घाईघाईत काढत असावेत. कधी पडद्यावर माईकच्या काठीची सावली पडायची, कधी देवघराशेजारी कुणाची चप्पल राहून जायची. गोष्ट काय चालली आहे ते मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त आरसा पाहायची, स्टीलची भांडी पाहायची, खिडकीची काच पाहायची. आठवड्यातून चार दिवस तरी हात दिसायचा. नुसती सावली दिसली आणि ती तिची की दुसऱ्या कुणाची अशी शंका आली, तर मी पाणी पिऊन झोपायची. देवीला फसवून कसं चालेल.

भाद्रपदात एकदा चक्कर येऊन मी जिन्यावरच बसले. मंजुषा चिडली.

"काकू, नेम करायचा तं साधा करा न. गायीचं दर्शन घ्या. गाय तं चौकातच बसून राह्यते."

"संकल्प झाला आता, बाई."

तिनं मला न विचारता मालिकेतल्या त्या प्रसंगाचा एक व्हिडिओ केला. हाताभोवती लाल गोल आणि वर लिहिलं, 'हा आमच्या राजापेठच्या चंदाचा हात. तिची आई वाट पाहून राहिली.' मला दाखवून म्हणाली, "तिच्यापर्यंत पोचंल काकू, पाहा तुमी."

पोचला. पण पोचेपर्यंत लोकांनी आईचं वाक्य कापून टाकलं होतं आणि नुसता हात, मालिकेतली चूक म्हणून, हसण्यासाठी गावभर फिरत होता. चौथ्या दिवशी मंजुषा मोबाईल घेऊन जिना उतरली आणि तो माझ्या कानाला लावला.

"आई, तो व्हिडिओ कोणी टाकाले सांगतला होता?" दोन वर्षांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

"कशी आहेस?"

"सेटवरून काढलं मले. आता मागच्या खोलीत नकली केसायचे टोप धुतो मी. सगळ्यायसमोर लावून दाखवला त्यायनं तो हात." मग आवाज उतरला. "अन् तू कायचा नेम केला म्हणते मंजुषा?"

सांगितलं. मग तिनं फोनवर चेहरा दाखवला. डोळे सुजलेले, वाळली होती, नाकातली चमकी बदलली होती. मी पोटभर पाहून घेतलं.

"झालं दर्शन? आता जेव."

"देवीला मालिकेत म्हटलं होतं, बेटा. तू फोन करशील हे मनातच आलं नाही."

"मालिकेत मी आता नाही दिसत, आई."

"मग घरी ये."

"बाबा बलावतीन तं येतो."

आतल्या खोलीत यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या दिवसापासून मालिका अगदी स्वच्छ झाली. सावली नाही, चप्पल नाही. आरशात फक्त सासू. सकाळचं जेवण चालतं मला, त्यावर दिवस निघतो. नेम मध्येच सोडला तर त्याचं फळ पोरीवर जाईल, या भीतीनं सोडवतही नाही.

काल हे माझ्याशेजारी येऊन बसले. ही मालिका त्यांनी आजवर पाहिलेली नाही. सासू आरशासमोर आली, पदर सारखा केला आणि गेली.

"तो पाह्य, दिसला," हे म्हणाले.

"काय?"

"हात. मी पाह्यला. जेव आता."

आरशात मागची निळी भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

"मनगटावर डाग होता का?"

"होता न. तव्याचा. मीच नेलं होतं तिले दवाखान्यात, सायकलवर. सारी वाट रडली पोरगी."

"मग फोन लावा तिले."

ते उठले. मला वाटलं मोबाईल आणायला उठले. स्वयंपाकघरात भांडी वाजली आणि हे ताट वाढून घेऊन आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांनी कधी स्वतःचं पाणीही घेतलं नाही. भाकरी तिरपी ठेवलेली, वरण ताटभर पसरलेलं.

"दिसला म्हणतो न मी," ते हळूच म्हणाले.

मी ताटाला नमस्कार केला आणि वर झाकण ठेवलं. जाहिराती लागल्या होत्या, हे त्याच पाहत बसले.