देवीच्या खांद्यावरची खळ

लालबागेत गंगाधर परबाचा पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक गाळा, दोन भाऊ आणि मालकीण म्हणून म्हातारी आई, आनंदीबाई. ट्रंक अशी दणकट की रिकामीच उचलायला दोन माणसं लागत. गिऱ्हाईकं हलक्या पेट्यांकडे वळली होती, पण ती गिऱ्हाइकांची चूक होती.

गंगाधरने ठरवलं, गाळा पागडीवर द्यायचा आणि सगळ्यांनी गावी जायचं. हे ऐकून धाकट्या राजारामची बायको कालिंदी हबकली. तिची कमल चौथी पास झालेली, आणि गावची शाळा चौथीलाच संपत होती.

त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे गाळ्यावरून जात. जाताना गर्जना, येताना सगळ्यांचे घसे बसलेले. कालिंदीने कापातून उरलेला पत्रा गुंडाळला, नवऱ्याकडून रिबिटा मारून घेतल्या आणि मोर्चेवाल्यांना विकता येईल असा भोंगा तयार केला. राजारामने त्यातून "चहा!" म्हणून हाक मारली, तर शेजारच्या दोन बिऱ्हाडांतून चहा आला.

"आजोबांनी ट्रंका केल्या, बाबांनी ट्रंका केल्या," गंगाधर म्हणाला, "आणि मी भोंगे करू? उद्या मुंबई मिळाली की कोण घेणार रे?"

कालिंदी थोरल्या दिराशी थेट बोलत नसे. ती राजारामकडे बघून हळूच म्हणाली, "भाऊजींना सांगा, मग नव्या सरकारवर ओरडायला लागतीलच."

राजारामने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"कौल लावू," गंगाधर म्हणाला. "देवी ठरवील."

परबांकडे तीच रीत. गावाहून आणलेल्या देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान थोरल्याचा. आजवर देवीने हलका पत्रा नाकारला, रंगीत पेट्या नाकारल्या, विजेची कातर तर दोनदा नाकारली. देवीचं आणि गंगाधरचं मत इतकं जुळे की दोघांनी भागीदारी नोंदवायला हरकत नव्हती.

पण देव्हारा रोज कालिंदी पुसायची. प्रत्येक कौलानंतर देवीच्या उजव्या खांद्यावरून तिला वाळलेली खळ खरवडून काढावी लागे. ट्रंकेच्या आत कागद चिकटवतात ना, तीच. आई जगदंबेच्या अंगाला खळ कुठून येते, हे विचारायला वेदांत पारंगत असावं लागत नाही.

शुक्रवारी सगळे देव्हाऱ्यापुढे बसले. गंगाधरने पाकळ्या लावल्या, उजवी जरा दाबून. हात जोडले, घसा खाकरला.

तेवढ्यात कालिंदी पुढे सरकली. दिराशी बोलायची बंदी होती, देवीशी नव्हती.

"आई," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "भोंगे न करता ट्रंकाच ठोकायच्या आणि मग गावी जायचं, अशी तुझी इच्छा असेल तर उजवी दे."

गंगाधरचे हात जोडलेलेच राहिले. "थांब, थांब! प्रश्न असा नसतो..."

डावी पाकळी टपकन खाली पडली.

"झाला," आनंदीबाई म्हणाल्या. "गावाक जावचा नाय. भोंगे करा."

"आई, ती वाऱ्याने पडली!"

"वाऱ्यान? मगे उजवी कशी नाय पडली?"

गंगाधरने तोंड उघडलं. उजवी देवीला अशी घट्ट बसली होती की भूकंपातही हलली नसती. त्याने तोंड मिटलं.

"काय रे? बोल की."

"काही नाही, आई."

उठताना तो राजारामवर खेकसला, "बघतोस काय? पत्रा काढ! आणि तुझ्या बायकोला सांग, पुढच्या खेपेला प्रश्न मी विचारणार."

कालिंदी पाषाण पुसायला फडकं ओलं करत होती. मान वर न करता ती नवऱ्याला म्हणाली, "भाऊजींना सांगा, खुशाल विचारा. पाकळ्या मी लावीन."