कड्यावरची घडीची खुर्ची

मित्रांनो, तुमच्यासमोर नीट उघडून उभे राहणे आता मला जमत नाही, म्हणून अशी भिंतीला टेकूनच बोलते. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावातल्या एका घराच्या गॅरेजात, उर्वीची सायकल आणि रंगाचे डबे यांच्या मधे पडलेली मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. थकले आहे, एवढेच.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाच्या पोकळ नळ्या, जाड हिरवे कापड आणि उजव्या हाताला पेला ठेवायची जाळी, एवढाच माझा देह. कॅम्पिंगच्या दुकानातून प्रतापने मला घरी आणले. प्रताप पुण्याचा; इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर आहे. त्याची बायको विनीता हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मी आले तेव्हा त्यांची मुलगी उर्वी चार वर्षांची होती.

पुढची सहा वर्षे मी खूप फिरले. कोरड्या मिठागरांच्या काठी बसले, उर्वीच्या शाळेतल्या धावण्याच्या शर्यती पाहिल्या, रविवारच्या क्रिकेटला मैदानाच्या कडेला तापत राहिले. लांबची शिफ्ट संपवून आली की विनीता म्हणायची, "आधी मला ती खुर्ची द्या, मग काय ते बोला." एवढे कौतुक मला पुरत असे.

मग २०२० साल उजाडले. जानेवारीत विनीताचे बाबा, पद्माकरराव, तीन महिन्यांसाठी आले. वय चौऱ्याहत्तर, छाती जरा नाजूक. त्यांच्या पत्नी मधुवंतीबाई गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिल्या होत्या. मार्चमध्ये कोरोनामुळे विमाने बंद झाली आणि पद्माकरराव इथेच अडकले.

तेव्हापासून मी त्यांची झाले. रोज सकाळी ते मला मागच्या अंगणात उघडत आणि हातात फोन घेऊन बसत. पुण्यात तेव्हा पहाट असे. मधुवंतीबाई उठायची वेळ होईपर्यंत ते फोन नुसता धरून ठेवत. जूनमध्ये मधुवंतीबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. शेजारचे उल्हास डबा आणून देऊ लागले. "अहो, काही नाही हो, प्लॅस्टर आहे नुसतं," असे त्या फोनवर म्हणायच्या. फोन ठेवल्यावर पद्माकरराव माझे हात इतके घट्ट धरत, की नळ्या गरम होत.

राज्याबाहेर जायला बंदी होती. पण राज्यातल्या राज्यात फिरायला परवानगी मिळाली. विनीताला कितीतरी महिन्यांनी आठ दिवसांची रजा मिळाली. जुलैमध्ये आम्ही निघालो. दोन दिवस उत्तरेकडे गाडी चालली आणि आम्ही कारिजिनीच्या डोंगरांत पोहोचलो. मित्रांनो, ते डोंगर गंजलेल्या लोखंडासारखे लाल आहेत. त्यांच्यावर काटेरी गवताचे गोल पुंजके आणि पांढऱ्या खोडांची, निलगिरीच्या जातीची गमची झाडे. जमीन सपाट वाटते आणि अचानक पायाशी खोल घळ उघडते. तळाला हिरवे पाणी. आकाशात एकही ढग नव्हता. एरवी बसने येणारे परदेशी प्रवासीही नव्हते.

घळीत उतरायला लोखंडी शिडी होती.

"बाबा, तुम्ही वरच थांबा हं," विनीता म्हणाली.

"थांबतो," पद्माकरराव म्हणाले. "मार्चपासून तेवढंच तर करतोय."

एका झाडाच्या तुटपुंज्या सावलीत त्यांनी मला उघडले. बाकीचे तिघे खाली गेले. थोड्या वेळाने विनीता एकटीच परत वर आली. तिचे डोळे हॉस्पिटलातून येताना असत तसेच लाल होते. ती आमच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, एक सांगायचंय. जूनमध्ये वकिलातीतून फोन आला होता. भारतात जाणाऱ्या खास विमानात तुमच्यासाठी सीट होती. मी नाही म्हणाले."

पद्माकरराव हलले नाहीत. "कधी?"

"अकरा तारखेला."

"म्हणजे तिचा हात मोडला त्याच्या…"

"चार दिवस आधी."

वारा गवतातून गेला. माझ्या कापडाला त्यांचा श्वास कळत होता. त्यांना धाप लागली होती.

"मला भीती वाटली," विनीता म्हणाली. "तुमची छाती अशी. प्रवासात काही झालं असतं तर? रोज हॉस्पिटलात आम्ही तयारीच करतोय, रुग्ण वाढले तर कोणाला कुठे ठेवायचं, कोणाला कसं. डोळे मिटले की तुम्हीच दिसता."

"मला विचारायचंस."

"तुम्ही हो म्हणाला असता, बाबा."

"म्हणूनच विचारायचंस."

ती रडू लागली. पद्माकरराव माझे दोन्ही हात धरून उठले. मला वाटले, ते आता रागाने चालू लागतील. विनीतालाही तसेच वाटले असावे, कारण तिने घाईने डोळे पुसले.

"बस," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"नको, तुम्हाला उभं…"

"विनू, बस म्हणतोय ना."

ती बसली. पाच मिनिटांत तिची मान कलली आणि ती गाढ झोपली. झाडाची सावली सरकली तसे तिच्या तोंडावर ऊन आले. पद्माकररावांनी टोपी काढून तिच्या चेहऱ्यावर सावली धरली. हात दुखला की हात बदलायचे. असे ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मी आयुष्यात खूप माणसे पेलली, पण त्या दुपारी बसलेल्या माणसापेक्षा उभ्या माणसाचे ओझे मला जास्त जाणवले.

प्रताप आणि उर्वी निथळत वर आले. "आजोबा, व्हाय आर यू स्टँडिंग?" उर्वीने विचारले.

"श्श. आई झोपली आहे."

राग मात्र तिथे संपला नाही. परतीच्या दोन दिवसांत पद्माकरराव विनीताशी मोजकेच बोलले. वाटेत एका पेट्रोल पंपावर फोनला रेंज आली, तेव्हा त्यांनी स्वतः विमानाचा फॉर्म भरला. विनीता शेजारी उभी होती. "छातीचा त्रास आहे का, असं विचारलंय. काय लिहू?" त्यांनी तिलाच विचारले. "खरं ते लिहा," ती म्हणाली, आणि औषधांची नावे तिने एकेक करून सांगितली.

सप्टेंबरात ते पुण्याला गेले. विलगीकरण संपवून घरी पोहोचले, तेव्हा मधुवंतीबाईंचे प्लॅस्टर निघाले होते. मनगट थोडे वाकडे जुळले होते. विनीताची आणि आई-बाबांची भेट त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे झाली नाही.

घरात आता नव्या खुर्च्या आल्या आहेत. माझी शिवण उसवली आहे. परवा उर्वीने मला कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवू का, असे विचारले. प्रतापने अजून उत्तर दिलेले नाही. मित्रांनो, दोन टाके घातलेत तर मी आणखी थोडी वर्षे काढीन; नाही घातलेत तरी चालेल. मी वस्तू आहे, माझे काय करायचे ते तुम्ही ठरवा. पण माझ्यात बसलेल्या माणसाचे परस्पर ठरवू नका. त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि विचारा. तुम्हाला नको असलेलेच उत्तर येईल असे वाटत असेल, तर आधी विचारा.