शेततळ्यातली रोहू

जाळेवाल्या शाकिरने शेततळ्यात जाळे फेकले, तेव्हा काठावरच्या गजेंद्रच्या छातीतच काहीतरी फडफडले. धामणगाव बढ्याच्या शिवारात चैताचे ऊन नुकते चढू लागले होते. बांधावर त्याचे सासरे पंजाबराव पिंपळगाव राजाहून मोटारसायकलने येऊन बसलेले, मागे त्याची बायको पुष्पांजली. तिची कपड्यांची थैली मात्र अजून गाडीच्या हँडललाच लटकत होती.

हरभऱ्याला राखलेले पाणी गजेंद्रने माशांसाठी धरून ठेवले आणि हरभरा फुलावरच करपला, त्या दिवशी ती माहेरी गेली होती. जाताना म्हणाली होती, "रोहू सोडली म्हंता ना? रोहू निंघन, त्या दिवशी येईन नांदाले!"

गजेंद्रच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. माशांचे बी विकणाऱ्याने रोहू म्हटले, याने रोहू मानले.

जाळे वर आले. गजेंद्र ओरडला, "मामाजी, रोहू!"

"कायची रोहू हो!" पंजाबराव हसले. "पाठीवर काटे पाहा त्याच्या. चिलापी हाये थे."

दुसऱ्या खेपेला लांबट, चांदीसारखा मासा आला. "हा मिरगळ. गाळ चाटनारा."

"चाचा, आता भारी माल हाये," म्हणत शाकिरने तिसरे जाळे ओढले. जाड, चकचकीत मासा काठावर आपटला. गजेंद्रने श्वास धरला.

पंजाबरावांनी माशाला उलटेपालटे केले. "जवाईबापू, नीट पाहा. रोहूचं डोस्कं लहान, ओठाले झालर, पंख लालसर. याचं डोस्कं मडक्यायवढं, खालचा जबडा वर आलेला. हा कटला."

"चाचा, रोहू नसन यात," शाकिर हळूच बोलला. "तळं सारं चाळलं."

वारा पडला. गजेंद्र पाण्याकडे पाहत राहिला. हरभराही गेला, रोहूही गेली. पंजाबराव परत निघायला चपला शोधू लागले.

तेवढ्यात पुष्पांजली पुढे आली. मासे खाऊनच वाढलेली पोर ती. तिने त्या मडक्याएवढ्या डोक्यावरून हळूच बोट फिरवले.

"बाबा, रोहूच हाये."

पंजाबरावांनी लेकीकडे पाहिले, मग लटकत्या थैलीकडे. "हाव पोरी," ते सावकाश म्हणाले, "चश्मा बदला लागते मले."

"पण याच्या ओठाले झालर कुठी—" नुकत्याच शहाण्या झालेल्या गजेंद्रने तोंड उघडले, आणि पुष्पांजलीची टाच त्याच्या पायावर चिखलात रुतली.

"तुमाले कधी कळली व्हती रोहू, म्हून आता कळन? जा, थे थैली आना गाडीवरची."

गजेंद्र लंगडत, हसत पळाला.

टोपलीतला कटला वर वळलेला जबडा उघडत-मिटत राहिला. त्याचे खरे नाव पुन्हा कोणी घेतले नाही.